जहाज कशाचं असतं?



स्मृतिव्याख्यानाला चाच्यांच्या अद्भुत कादंबऱ्यांचा विषय का घेतला, असं मघाशी चहाच्या वेळी दोघातिघांनी विचारलं. त्याचं उत्तर याच गावात, अलिबागमध्ये आहे. ओहोटीला पायी जाता येतं तो कुलाबा किल्ला इथला, आणि सरखेल कान्होजी आंगरे यांची समाधीही इथलीच. १७२४ साली लंडनमध्ये एक पुस्तक निघालं. लेखकाचं नाव कॅप्टन चार्ल्स जॉन्सन. हे टोपणनाव आहे आणि त्यामागे कोण होतं, हे अभ्यासकांना आजवर ठरवता आलेलं नाही. पुस्तकात त्या काळच्या चाच्यांची चरित्रं आहेत. टोपीखाली जळत्या वाती खोचून लढणारा ब्लॅकबिअर्ड जगाला ठाऊक झाला तो या पुस्तकातून. स्टीव्हन्सनच्या ‘ट्रेझर आयलंड’मधल्या इस्रायल हँड्सचं नावही त्यातलंच. आणि त्याच पुस्तकात, एडवर्ड इंग्लंड नावाच्या चाच्याच्या प्रकरणात, आंगरे येतात. कुलाब्याच्या नावासकट येतात. येतात ते मात्र चाचे म्हणून.

म्हणजे ज्या पुस्तकावर पुढच्या तीनशे वर्षांच्या चाचेकथा पोसल्या, त्या पुस्तकात तुमचं गाव आहे. मग हा विषय इथे नाही बोलायचा, तर कुठे बोलायचा?

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. अद्भुत कादंबरी म्हणजे पळवाट, असं आपल्याकडे सर्रास मानतात. समुद्राच्या बाबतीत मला वेगळं दिसतं. समुद्रावरच्या व्यापाराची, लुटीची, जहाजांची किंमत कुणीतरी भरत होतं, आणि भरणाऱ्यांची नावं कुठल्याही वहीत फारशी लागली नाहीत. चांगल्या अद्भुत कादंबरीतली जादू ती किंमत डोळ्यांसमोर आणते. वाईट कादंबरीतली जादू ती झाकून टाकते.

आधी झाकणारी जादू पाहू. सप्टेंबर १६९५. मक्केची यात्रा करून सुरतेकडे परतणारं ‘गंज-इ-सवाई’ हे औरंगजेबाचं जहाज हेन्री एव्हरी या इंग्रज चाच्याने पकडलं. लूट कित्येक दिवस चालली. प्रवाशांचा छळ झाला, बायकांवर अत्याचार झाले, काही जणींनी जीव दिला. ही बातमी सुरतेला पोचल्यावर तिथल्या वखारीतल्या इंग्रजांना मोगल अधिकाऱ्यांनी कैदेत घातलं. एव्हरी मात्र निसटला, तो कधीच सापडला नाही. आणि १७०९ साली लंडनमध्ये त्याचं एक कल्पित चरित्र निघालं. काय आहे त्यात? त्यात एव्हरी मोगल घराण्यातल्या राजकन्येशी लग्न करतो आणि मादागास्कर बेटावर राजा होऊन सुखाने नांदतो!

चौदा वर्षांत काय झालं ते लक्षात घ्या. अत्याचाराचं लग्न झालं. लुटीचं राज्य झालं. त्या जहाजावरच्या बायका कथेतून नाहीशा झाल्या आणि त्यांच्या जागी एक नवरी उभी राहिली. इंग्रजीतल्या चाच्यांच्या अद्भुतकथेचं हे एक उगमस्थान आहे, आणि ते आपल्या किनाऱ्यापासून दूर नाही.

पण एवढंच असतं, तर मी आज इथे आलो नसतो. जॉन्सनच्या ग्रंथाचा दुसरा खंड १७२८ साली आला. त्यात मिसन नावाच्या एका फ्रेंच कप्तानाची हकीगत आहे. तो मादागास्करला लिबर्टालिया नावाचं प्रजासत्ताक वसवतो. गुलामांची जहाजं पकडली की गुलामांना मोकळं करतो, सगळी मालमत्ता सामायिक ठेवतो. हा मिसन होऊन गेल्याचा पुरावा नाही. तो कल्पितच मानला जातो. चरित्रांच्या पुस्तकात चक्क एक कादंबरी शिरली! का शिरली असेल? कारण हे स्वप्न वाचणाऱ्यांना हवं होतं. व्यापारी जहाजांवरच्या खलाशाला त्या काळी फटके खावे लागत, कुजकं अन्न खावं लागे, पगार बुडे. चाच्यांच्या जहाजावर मात्र कप्तान मतं घेऊन निवडला जाई आणि मतं घेऊन काढलाही जाई. लुटीचे वाटे आधी ठरलेले असत. कप्तानाला साध्या खलाशाच्या सुमारे दुप्पट मिळे, त्याहून फार जास्त नाही. जायबंदी झालेल्याला भरपाई मिळे. या गोष्टी ऐतिहासिक आहेत. ज्या काळात युरोपातल्या बहुतेक माणसांना कसलंच मत नव्हतं, त्या काळात हे चाललं होतं.

आता त्या भरपाईचा दर ऐका. एक्स्क्वेमेलिन हा चाच्यांबरोबर शल्यवैद्य म्हणून राहिलेला माणूस. त्याचं डच पुस्तक १६७८ साली ॲम्स्टरडॅमला निघालं. त्यात दरपत्रकच आहे. उजवा हात गेला तर सहाशे स्पॅनिश नाणी, नाहीतर सहा गुलाम. डावा हात, पाचशे नाणी नाहीतर पाच गुलाम. डोळा, शंभर नाणी नाहीतर एक गुलाम.

इथे थांबावंच लागतं. एका बाजूला मतदान, ठरलेले वाटे, जखमी सोबत्याची काळजी. दुसऱ्या बाजूला त्या काळजीचं चलन म्हणजे माणूस! एका माणसाच्या डोळ्याची भरपाई दुसऱ्या आख्ख्या माणसाने होते. चाच्यांवर लिहिणाऱ्या कुणालाही या दरपत्रकाला तोंड द्यावं लागतं. जो देत नाही, त्याची कादंबरी रम, पोपट आणि लाकडी पाय एवढ्यावर संपते.

आणि चाचा कोण, हे ठरवतं कोण? पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकापासून या समुद्रात कार्ताझ नावाचे परवाने विकले. कार्ताझ नसलेलं जहाज ते बेधडक पकडत, आणि त्याला कायदा म्हणत. कान्होजींनी आपल्या किनाऱ्यावर दस्तक मागितलं, ते नसलेली जहाजं पकडली, त्याला इंग्रजांनी चाचेगिरी म्हटलं. तोच समुद्र, तोच कागद, तीच जप्ती. फरक एवढाच की एकाच्या बाजूने लिहिणारे लंडनला आणि लिस्बनला होते. १७२१ साली इंग्रज आणि पोर्तुगीज दोघे मिळून कुलाब्यावर चालून आले आणि हात हलवत परत गेले. तरी नाव चिकटलं ते चिकटलंच. २००७ सालच्या ‘पायरेट्स ऑफ द कॅरिबियन’ मालिकेतल्या तिसऱ्या चित्रपटात जगातले चाचेराजे जमतात, त्यांत हिंदी महासागराचा धनी म्हणून ‘श्री संभाजी आंग्रिया’ बसलेला आहे. कान्होजींच्या मुलाचं नाव! गंधाबिंधाचा थाट करून, हसण्यापुरता. मला ते पाहून राग आला, आजही येतो. पण निषेधाचं पत्र लिहून हा राग जिरणार नाही. कथेला उत्तर कथेनेच द्यावं लागतं, आणि त्याकडे मी शेवटी येणार आहे.

आता माझ्या आवडीच्या पुस्तकाकडे येतो, आणि इथे जरा जास्त रेंगाळणार आहे. रॉबिन हॉब हे मार्गारेट ऑग्डेन या अमेरिकन लेखिकेचं टोपणनाव. ती अलास्कात वाढली, नवरा समुद्रावर काम करणारा. त्यामुळे जहाज बंदराला येईपर्यंत घरी काय चालतं, हे तिला कुणी शिकवायला नको होतं. १९९८ ते २००० या काळात तिच्या तीन कादंबऱ्या आल्या: ‘शिप ऑफ मॅजिक’, ‘द मॅड शिप’ आणि ‘शिप ऑफ डेस्टिनी’.

बिंगटाउन नावाचं व्यापारी बंदर आहे. तिथल्या जुन्या घराण्यांकडे जिवंत जहाजं आहेत. नाळेवर कोरलेली मूर्ती डोळे उघडते, बोलते, रागावते. पण जहाज जिवंत होतं कसं? घराण्याच्या तीन पिढ्यांतलं एकेक माणूस त्याच्या फळ्यांवर मरावं लागतं. तिसरं मरण झालं की लाकूड जागं होतं आणि मेलेल्यांच्या आठवणी त्याच्या होतात. हे लाकूड मिळतं नदीच्या वरच्या अंगाला राहणाऱ्या लोकांकडून. त्याची किंमत एवढी की कर्ज पिढ्यान् पिढ्या फिटत नाही. आजोबाने जहाज घेतलं, हप्ते नातवंडं भरतात. सोनं नसेल तर घरातलं एक मूल द्यायचं, असा करारच आहे.

कर्जात जन्मलेली मुलं आपल्याला नवीन आहेत का? सावकाराच्या वहीत आजोबांचा अंगठा आणि नातवाच्या मानेवर जू, हे आपल्या खेड्यांनी पाहिलेलं आहे. हॉबने ते समुद्रावर नेलं.

व्हेस्ट्रिट घराण्याचं जहाज विवेशिया. म्हातारा मालक तिच्या डेकवर प्राण सोडतो आणि ती जागी होते. धाकटी मुलगी आल्थिया याच जहाजावर वाढलेली. तिला वाटतं, आता जहाज आपलं. पण ते जातं थोरल्या जावयाकडे, कायलकडे. घरावर कर्ज आहे, नफा हवा आहे, आणि सगळ्यात जास्त नफा गुलामांच्या व्यापारात आहे. म्हणून हा जावई नुकत्याच जाग्या झालेल्या विवेशियाच्या पोटात साखळदंडांनी बांधलेली माणसं भरतो. जहाज तर जिवंत आहे! प्रत्येक मरण ते आपल्या लाकडात अनुभवतं. जहाजाला घराण्यातलं कुणीतरी सोबत लागतं, म्हणून मठात शिकणारा वीन्ट्रो, कायलचाच पोरगा, जबरदस्तीने आणून ठेवलेला असतो. त्यालाही ते सगळं कळतं.

गुलामांच्या जहाजांवर खंडीभर इतिहास लिहिला गेला आहे. किती माणसं चढवली, किती उतरली, सगळं आहे. पण त्या जहाजांच्या फळ्यांना काय ठाऊक होतं? इतिहासकाराला हा प्रश्न विचारताच येत नाही. हॉबने जहाजाला तोंड दिलं आणि मग ते बोललं. जादू किंमत डोळ्यांसमोर आणते असं मी म्हणालो, ते हेच.

या कादंबरीतला चाचा म्हणजे कप्तान केनिट. दिसायला देखणा, बोलायला गोड, नशिबाने बलवत्तर. त्याला चाच्यांच्या बेटांचा राजा व्हायचं आहे आणि त्यासाठी एक जिवंत जहाज हवं आहे. त्याचा दुय्यम सॉर्कर याने गुलामगिरीचे हाल स्वतः भोगले आहेत. तो अट घालतो की एका जिवंत जहाजाचा पाठलाग केला, तर एक गुलामांचं जहाज पकडून मोकळं करायचं. केनिट केवळ सौदा म्हणून मान्य करतो. सुटलेली माणसं त्याला देव मानू लागतात. लिबर्टालियाचा मिसन इथे पुन्हा जन्माला आला आहे, फक्त या वेळी लेखिकेने त्याच्या मनाचं दार उघडं ठेवलं आहे. केनिट माणसं सोडवतो, हे खरं. त्याला त्यांची पर्वा नसते, हेही खरं. आणि हाच केनिट पुढे आल्थियावर बलात्कार करतो. आजूबाजूचे लोक तिच्यावर विश्वास ठेवत नाहीत, कारण इतका मोठा मुक्तिदाता असं करेलच कसा? १७०९ च्या चरित्राने झाकलेली गोष्ट इथे तिसऱ्या खंडात उघडी होते. एव्हरीच्या राजकन्येचा पडदा या लेखिकेने फाडला, असं मी म्हणेन.

आणि ते लाकूड? लाकूड ते नसतंच. ते ड्रॅगनचे कोश असतात. आतला जीव फोडून बाहेर टाकलेला, आणि वरच्या आवरणाची फळी केलेली. सगळ्या बंदराचं वैभव त्यावर उभं असतं. ज्यांना हे ठाऊक आहे ते गप्प बसतात, कारण बोललं तर उद्या माल कशातून न्यायचा? पॅरागॉन नावाचं एक वेडं ठरवलेलं जहाज किनाऱ्यावर ओढून टाकलेलं असतं. त्याच्या मूर्तीचे डोळे कुऱ्हाडीने फोडलेले. त्याची गोष्ट मी सांगत नाही, ती वाचा. पुढच्या रांगेतल्या मुलांनी मघाशी ‘वन पीस’चं नाव घेतलं. तिथेही ‘गोइंग मेरी’ या जहाजाला निरोप देताना डोळ्यांत पाणी येतं ना? जहाजाला जीव असतो, ही भावना फार जुनी आहे. तो जीव कुणाचा घेतला, हे हॉबने विचारलं.

आपणही विचारू या. १८१७ साली मुंबईच्या गोदीत ‘ट्रिंकोमाली’ ही युद्धनौका तयार झाली. जमशेटजी वाडिया यांनी बांधलेली, मलबारी सागाची. वाडियांच्या रिवाजाप्रमाणे तिच्या कण्यात चांदीचा खिळा ठोकला होता. ती आज इंग्लंडमध्ये हार्टलपूलला पाण्यावर उभी आहे. अजून तरंगणारी सगळ्यात जुनी ब्रिटिश युद्धनौका! ओकची जहाजं कुजली, साग टिकला. आपल्याला याचा अभिमान वाटतो आणि वाटावाच. पण तो साग कुठल्या डोंगरावर कुणी तोडला, ओंडके कुणी ओढले, हे तिच्या फळीला तोंड फुटलं तरच कळेल.

आणखी दोन-तीन पुस्तकांची नुसती नावं घेतो. टिम पॉवर्सची ‘ऑन स्ट्रेंजर टाइड्स’, १९८७. त्यात ब्लॅकबिअर्ड आहे, मृतांना राबवणारी जादू आहे, आणि एक फार सुंदर कल्पना आहे: युरोपात लोखंडाच्या वापरामुळे जादू मेली, कॅरिबियनमध्ये अजून शिल्लक आहे. स्कॉट लिंचच्या कादंबरीत चाच्यांची कप्तान दोन लेकरांची आई आहे आणि लेकरं जहाजावरच असतात. चायना मिएव्हिलची ‘द स्कार’, २००२. हजारो जहाजं एकमेकांना बांधून केलेलं तरंगतं चाचेनगर. पकडून आणलेल्यांना तिथे समान हक्क मिळतात, काम मिळतं, घर मिळतं. एकच गोष्ट मिळत नाही: परत जाणं. मुंबईला गिरणीत आणि गोदीत आलेल्या कोकणी माणसाला हे पुस्तक समजावून सांगावं लागणार नाही.

आपल्याकडे हे सगळं होतं का? होतं, आणि जॉन्सनच्या दीडेक हजार वर्षं आधीपासून होतं. पाली जातककथांत सुप्पारकाची कथा आहे. भरुकच्छचा, म्हणजे भडोचचा, हा निष्णात तांडेल. खाऱ्या पाण्याने त्याचे डोळे गेलेले. राजाकडे पारखी म्हणून राहतो, पण राजा न्हाव्याला द्यावी तशी क्षुल्लक बिदागी देतो, म्हणून सोडून येतो. मग व्यापारी या आंधळ्याला जहाजावर नेतात. वादळ त्यांना अज्ञात समुद्रांत ढकलतं. एका समुद्रात वस्तऱ्यासारख्या नाकांचे मासे उसळतात, दुसरा आगीसारखा जळतो. सुप्पारकाला ठाऊक असतं की इथे तळाशी हिरे आहेत, तिथे सोनं आहे. तो व्यापाऱ्यांना सांगत नाही! सांगितलं तर हे लोक हावेने एवढं भरतील की जहाज बुडेल. मासे पकडायचे म्हणून जाळं टाकायला लावतो, पेलेल तेवढंच वर घेतो, बाकी सोडून देतो.

आंधळा तांडेल आणि डोळस हाव. खजिना सापडल्यावर किती घ्यायचं, हा प्रश्न ‘ट्रेझर आयलंड’मध्ये कुणी विचारत नाही. तो या किनाऱ्यावर विचारला गेला होता. अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यात तीन डोलकाठ्यांचं जहाज रंगवलेलं आहे, तेही सोपाऱ्याच्या पूर्णाच्या कथेतलं, संकटात सापडलेल्या दर्यावर्दींचं. पुढे कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी अरबी भाषेतल्या सुरस गोष्टी मराठीत आणल्या आणि सिंदबाद घरोघरी गेला. सिंदबादही आपल्याच समुद्रातला. मग मधेच हा समुद्र आपल्या कल्पनेतून आटला कसा? किल्ल्यावर आपण शेकडो कादंबऱ्या लिहिल्या. डेकवर किती लिहिल्या?

२०२३ साली शॅनन चक्रवर्ती या अमेरिकन लेखिकेने ‘द ॲडव्हेंचर्स ऑफ अमिना अल-सिराफी’ लिहिली. बाराव्या शतकातला हिंदी महासागर; एडन, सोकोत्रा. नायिका अमिना निवृत्त नाखुदा आहे, चाळिशी उलटलेली, गुडघा दुखणारी, एका मुलीची आई. तिच्या जहाजाचं नाव मारावती, दुय्यम टिंबू हिंदुस्थानी. तिला एक हरवलेली मुलगी शोधायला पाठवतात. ती मुलगी तिच्याच मेलेल्या सोबत्याची. तो सोबती कसा मेला? एका राक्षसी शक्तीशी सौदा करून, आत्मा विकून. पुन्हा हिशेब, पुन्हा देणं. पण मला या पुस्तकात सगळ्यात मोलाचं वाटतं ते त्यातलं वातावरण. तांडेल, नाखुदा, लोबान, मिरी, मोसमी वारे. ज्या समुद्रावर आपण शतकानुशतकं वावरलो, तो अमेरिकेतून आपल्याला परत वाचायला मिळतो. याचा आनंदही होतो आणि हातही शिवशिवतात.

तर उत्तरादाखल कथा हवी, असं मी म्हणालो होतो. मराठीत ती लिहायला काय काय पडलेलं आहे पाहा. गुराबांच्या, म्हणजे लढाऊ जहाजांच्या, नाळेवरच्या तोफा, वल्ह्यांनी चालणारी गलबतं, खाडीत दबा धरून बसणं, वारा पडला की अवजड इंग्रजी जहाजाला चहूकडून घेरणं. कोळी, भंडारी, दालदी खलाशी. आणि माझी विनंती आहे की लिहिणाऱ्याने कान्होजींनाही सूट देऊ नये. हॉबने जो प्रश्न विवेशियाला विचारला, तोच आपल्या गुराबांना विचारावा. त्यांच्या वल्ह्यांवर कोण होतं? पकडलेल्या जहाजांवरच्या साध्या खलाशांचं काय झालं? मूर्ती उभी करायला इतिहास आणि नाटकं पुरेशी आहेत. कादंबरीने फळीला बोलतं करावं.

सुरुवात कुठून करावी, तेही सांगतो. क्लेमेंट डाउनिंग या इंग्रज नाविकाचं पुस्तक १७३७ साली निघालं. त्यात जेम्स प्लँटेन नावाच्या एका चाच्याची हकीगत आहे. मादागास्करला तो खरोखरच राजा बनून राहिला होता: एव्हरीच्या खोट्या चरित्रात जे लिहिलं, ते याने करून पाहिलं. बेटावरच्या लढायांत त्याचं बस्तान उठलं. मग डाउनिंग सांगतो की एक लहान तारू बांधून, तिथलीच बायको बरोबर घेऊन तो निघाला, आणि आला कुठे, तर आंगऱ्यांच्या नोकरीत. जॉन्सनच्या पुस्तकातली दोन टोकं, मादागास्कर आणि कोकण, त्या एका तारवाने जोडली. प्लँटेनबद्दल डाउनिंग पुष्कळ लिहितो. त्या बाईबद्दल फार थोडं. तिला मादागास्करची भाषा येत होती आणि नवऱ्याची येत होती. मराठी तिला शिकावी लागली असणार, आणि शिकवणारी कुणीतरी इथलीच कोळीण असणार. कादंबरी त्या दोघींच्या बोलण्यापासून सुरू करा.